पायी खेळायचा बहुटप्पी कॅश-शोध: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

चौथ्या टप्प्यावर तासभर शोधूनही काही हाती लागत नसेल, तर चूक बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यावर झालेली असते. तिथे घाईत उतरवून घेतलेला एखादा आकडा, मोजताना सुटलेली एखादी पायरी. जिओकॅशिंगमधला बहुटप्पी प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि नवख्या मंडळींना त्यात अडकताना मी अनेकदा पाहिलं आहे. अडकण्याचं कारण कोडं अवघड होतं हे क्वचितच असतं. वही नीट ठेवली नव्हती, हेच बहुतेकदा निघतं. म्हणून हा लेख कोड्यांपेक्षा वहीबद्दल जास्त आहे.

आधी थोडक्यात ओळख. कुणीतरी एक डबी लपवतो, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी खुले करतो, आणि बाकीचे ती शोधून आतल्या नोंदवहीत नाव लिहितात. या डबीला कॅश म्हणतात. पैशांशी तिचा संबंध नाही, ‘लपवणं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते नाव आलं आहे. २ मे २००० पर्यंत अमेरिकेने सर्वसामान्यांसाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली होती, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ती चूक त्या दिवशी बंद झाली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत ती दोघांना सापडली. खेळ तिथून सुरू झाला.

साध्या कॅशमध्ये दिलेल्या जागी गेलं की डबी असते. बहुटप्पी कॅशमध्ये, ज्याला सगळे ‘मल्टी’ म्हणतात, दिलेल्या जागी फक्त पहिला टप्पा असतो. तिथली माहिती दुसऱ्या टप्प्याकडे नेते, दुसरा तिसऱ्याकडे, आणि शेवटच्या जागी, म्हणजे ‘फायनल’ला, नोंदवही असलेली डबी. निळ्या प्रश्नचिन्हाची ‘मिस्ट्री’ कॅश वेगळी. तिच्या नकाशावरच्या जागी बहुधा काहीच नसतं, खरी जागा कोडं सोडवून काढायची असते. अनेक मल्टींमध्ये वाटेवर कोडीही पेरलेली असतात, आणि आपण बोलणार आहोत ते याच मिश्र प्रकाराबद्दल.

पहिली निवड

प्रत्येक कॅशला दोन गुण दिलेले असतात: एक शोधण्याच्या अवघडपणाचा, दुसरा वाटेचा. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायऱ्यांनी. पहिल्या मल्टीसाठी दोन्ही गुण २ किंवा त्याहून कमी असलेली, तीन-चार टप्प्यांची कॅश घ्या. मात्र गुणांपेक्षा मी जास्त विश्वास ठेवतो तो कॅशच्या इंटरनेटवरच्या पानावर शोधणाऱ्यांनी केलेल्या अलीकडच्या नोंदींवर. शेवटच्या चार नोंदी ‘सापडली नाही’ अशा असतील, तर एखादा टप्पा गायब झालेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि नवख्या माणसाला ‘मला दिसत नाही’ आणि ‘इथे नाहीच’ यातला फरक कळत नाही. गेल्या महिन्याभरात कुणाला तरी सापडलेली कॅश निवडा.

वर्णनात एकूण चाल किती आणि वेळ किती लागतो ते बऱ्याचदा दिलेलं असतं. त्या वेळेच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवा. लपवणाऱ्याने तो वेळ स्वतःच्या पायांनी मोजलेला असतो, आणि त्याला प्रत्येक उत्तर आधीच माहीत असतं.

आदल्या दिवशी

वर्णन पूर्ण वाचा. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. पुढच्या जागेचे आकडे काढायचं सूत्र, उत्तरं पडताळायला दिलेली तपासणीची बेरीज, ‘टॉर्च लागेल’, ‘पेन आणा’ अशा गोष्टी अनेकदा तळाशी असतात. मग नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला मात्र लागतं. रेंज गेली की निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर फिरत राहतो. पूर्ण भरलेली पॉवर बँक, दोन पेनं, कडक पुठ्ठ्याची छोटी वही, पाणी, आणि अरुंद डबीतला गुंडाळलेला कागद काढायला चिमटा. घरातल्या कुणाला तरी कुठे चाललोय आणि कधीपर्यंत परतू हे सांगून निघा. नोंदवहीचा कागद ओला असू शकतो, म्हणून एक पेन्सिलही असू द्या. ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही.

वहीत घरीच एक तक्ता आखा. डावीकडे टप्प्याचा क्रमांक, मग काय विचारलं आहे, मग काय दिसलं, आणि शेवटी त्यातून आलेला अंक. ‘काय दिसलं’ आणि ‘आलेला अंक’ हे दोन वेगळे रकाने असायलाच हवेत, हे माझं ठाम मत आहे. कारण पुढे येईलच.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. वहीत सगळे आकडे इंग्रजी अंकांतच लिहा, मिसळ करू नका. मराठी चार आणि इंग्रजी आठ एकसारखे दिसतात, मराठी एक आणि इंग्रजी नऊ तसेच. झाडाखाली उभं राहून, फोन दुसऱ्या हातात धरून खरडलेला आकडा अर्ध्या तासाने वाचताना कोणता अंक मनात होता ते आठवत नाही.

आकडा किती मीटरचा

हे एकदा समजून घेतलं की निम्मा खेळ हातात येतो. कॅशचे आकडे अंश आणि दशांशी मिनिटं या रूपात असतात: अंश, मग मिनिटं, मग दशांशचिन्हानंतर तीन अंक. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५२ मीटर, म्हणजेच एक सागरी मैल. म्हणून दशांशानंतरचा पहिला अंक एकाने बदलला की जागा १८५ मीटर सरकते, दुसरा बदलला की साडेअठरा मीटर, तिसरा बदलला की जेमतेम दोन मीटर. रेखांशाचं मिनिट विषुववृत्तावर तेवढंच असतं आणि ध्रुवांकडे जाताना आखूड होत जातं.

याचा उपयोग बघा. पुढचा टप्पा वाटेपासून ५५० मीटर दूर, कुणाच्या तरी शेतात दिसतोय? ५५० म्हणजे १८५ च्या तिप्पट. अक्षांशाच्या दशांशानंतरच्या पहिल्या अंकात तीनची चूक आहे का ते पाहा, सहाच्या जागी नऊ किंवा पाचच्या जागी आठ. चुकीचं अंतर मोजलं की चुकीचा अंक कोणता ते कळतं.

दुसरा सापळा फोनमधल्या नकाशांचा. अनेक नकाशे पूर्ण दशांशी अंश वापरतात, मिनिटं नाहीत. ३१.४५६ मिनिटं म्हणजे ०.५२४२७ अंश. कुणी ते ०.३१४५६ अंश म्हणून टाकलं, तर अक्षांशावर २३ किलोमीटरहून जास्त फरक पडतो. इतकी मोठी चूक निदान लगेच दिसते. ॲपच्या सेटिंगमध्ये एकदाच ‘अंश आणि दशांशी मिनिटं’ निवडून ठेवा आणि विषय संपवा.

टप्प्यावर उभं असताना

टप्पे दोन जातींचे. एका जातीत प्रत्यक्ष काहीतरी ठेवलेलं असतं: चुंबकाने चिकटलेली बोटाच्या पेराएवढी डबी, तारेने लटकवलेली पत्र्याची चकती, पाटीच्या मागे चिकटवलेली पट्टी. दुसऱ्या जातीत तिथे आधीपासूनच असलेल्या गोष्टीवर प्रश्न असतो: फलकावरचं साल, पायऱ्यांची संख्या, खांबाचा क्रमांक. दुसऱ्या जातीचे टप्पे सोपे वाटतात, पण मोजणीतली गफलत तिथेच सगळ्यात जास्त होते.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. सूत्रात इंग्रजी अक्षरं असतात, आपण सोयीसाठी क, ख, ग घेऊ. बागेच्या फाटकावरच्या फलकातल्या सालाचा शेवटचा अंक म्हणजे क. बाकाच्या पाठीला असलेल्या लाकडी पट्ट्या म्हणजे ख. टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्या म्हणजे ग. फायनलसाठी अक्षांशाचे दशांश (क×ख) आणि रेखांशाचे दशांश (ग×ग+क). तपासणीसाठी दिलं आहे: क, ख आणि ग यांची बेरीज २३.

तुम्ही गेलात, क मिळाला ४, ख मिळाला ६. पायऱ्या मोजल्या तर १४. पण सगळ्यात वरची पायरी म्हणजे खरं तर कट्ट्याचीच कड आहे. ती धरायची की नाही? इथेच ‘काय दिसलं’ हा रकाना कामाला येतो. त्यात लिहा: ‘पायऱ्या १३, कट्टा धरून १४’. आता बेरीज करा. ४ अधिक ६ अधिक १४ म्हणजे २४, जुळत नाही. १३ घेतलं की २३. वाद मिटला. १४ धरून निघाला असतात तर रेखांशाचे दशांश १७३ च्या ऐवजी २०० आले असते, म्हणजे विषुववृत्ताजवळ ५० मीटरची चूक. ही चूक वाईट, कारण तेवढ्या अंतरावरची झुडपं तितकीच खरी वाटतात आणि माणूस तिथे मन लावून शोधत बसतो.

अजून एक बाब. क×ख म्हणजे २४, पण दशांशानंतर तीन अंक हवेत. ते ०२४ असं लिहायचं. ॲपमध्ये नुसतं २४ टाकलं की ते २४० समजलं जातं, आणि फरक २१६ हजारांशांचा, म्हणजे अक्षांशावर ४०० मीटर. पुढचं शून्य विसरणं ही मी पाहिलेल्या चुकांत पहिल्या नंबरची.

तपासणीची बेरीज सगळं पकडत नाही, हेही ध्यानात असू द्या. क आणि ख यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते.

प्रत्यक्ष ठेवलेल्या टप्प्याचा फोटो काढा, आणि हात लावण्याआधी काढा. माझ्या तिसऱ्या मल्टीत दुसऱ्या टप्प्यावर फांदीला तारेने बांधलेली एक गोल चकती होती. तिच्यावर दोनच अंक, पुढच्या जागेच्या अक्षांशाचे शेवटचे दोन. मी ती हातात घेऊन फिरवली, वाचली, एकोणनव्वद लिहिलं आणि पुढे निघालो. इंग्रजी अंकांतला अडुसष्ट उलटा धरला की एकोणनव्वद होतो. फरक २१ हजारांशांचा, जमिनीवर ३९ मीटर. ज्या झाडापाशी मी पोचलो त्याला नेमकी एक सुंदर ढोली होती. दीड तास मी त्याच झाडाभोवती होतो, अंधार पडायला लागला तेव्हा परत फिरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चकतीपाशी गेलो. ती सरळ लटकत असताना अंकांखाली एक बारीक रेघ ओढलेली दिसत होती, लपवणाऱ्याने वाचणाऱ्याची काळजी घेतलेली होती. तेव्हापासून मी आधी जशी आहे तशी वस्तू टिपतो, मगच हात लावतो.

टप्पा सोडण्यापूर्वी वहीतला आकडा मोठ्याने वाचा आणि समोरच्या वस्तूशी ताडून पाहा. दोघं असाल तर एकाने वाचावं, दुसऱ्याने न बघता लिहावं, मग उलट. वस्तू जशी होती तशीच परत ठेवा, त्याच फांदीला, तशीच तोंड करून. ‘आणखी चांगली’ लपवू नका. पुढच्या माणसाची अडचण तिथूनच सुरू होते.

वाटेतली कोडी

मल्टीतली कोडी उभ्या उभ्या सुटावीत अशीच बहुधा बनवलेली असतात. चार-पाच प्रकार पाठ असले की बरंच निभावतं.

अक्षरांना क्रमांक देणं सगळ्यात जास्त दिसतं: इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर १, शेवटचं २६. एखाद्या शब्दाची ‘किंमत’ म्हणजे त्याच्या अक्षरांची बेरीज. सव्वीस अक्षरं त्यांच्या क्रमांकांसह वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, बोटांवर मोजू नका. अंकमूळ विचारलं तर अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत राहायची: १९६२ म्हणजे १८, आणि १८ म्हणजे ९. ‘अंकांची बेरीज’ आणि ‘अंकमूळ’ यांत फरक आहे, पहिल्यात १८ वरच थांबायचं.

कॅशच्या पानावरची सूचना तेरा घरं सरकवून लिहिलेली असते. पहिली तेरा अक्षरं एका ओळीत, उरलेली तेरा बरोबर खाली लिहा. वरचं अक्षर दिसलं की खालचं घ्यायचं, खालचं दिसलं की वरचं. सव्वीसच्या निम्मे तेरा, म्हणून तीच कृती दोनदा केली की मूळ मजकूर परत येतो. याखेरीज मोर्स आणि ब्रेल यांचे तक्ते फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा. छोट्या-मोठ्या रेघा, ठिपके, गाठी मारलेली दोरी, मण्यांची माळ, अशा कुठल्याही दोन प्रकारच्या खुणांची रांग दिसली की मी आधी मोर्स लावून पाहतो. सहा जागांच्या चौकटीत उंचवटे दिसले की ब्रेल.

कोडं सुटलं की उत्तर शहाणं आहे का ते पाहा. जागा तळ्याच्या मध्यभागी येते का? मागच्या टप्प्यापासून सहा किलोमीटर? मग सुटलेलं नाही. एक नियमही मदतीला येतो: दोन वेगवेगळ्या कॅशच्या प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंमध्ये किमान १६१ मीटर अंतर राखायचं असतं. तुमची फायनल दुसऱ्या साध्या कॅशपासून ६० मीटरवर येत असेल तर गणित पुन्हा करा. एकाच मल्टीच्या आपापसातल्या टप्प्यांना हा नियम लागू नाही. काही पानांवर उत्तर तपासायची सोय असते, तिथे आकडे टाकले की बरोबर की चूक ते कळतं. ती असेल तर वापरा, त्यात कमीपणा नाही.

दिशा आणि अंतर

‘इथून ७५ अंशांवर २४० मीटर’ असा टप्पा आला की पावलं मोजत सुटू नका. दिशेत पाच अंशांची चूक झाली तर २४० मीटरवर २१ मीटर बाजूला पोचाल. जिओकॅशिंगच्या ॲपमध्ये दिलेल्या बिंदूपासून दिशा आणि अंतर टाकून नवा बिंदू काढता येतो, तोच मार्ग धरा. वर्णनात खरी उत्तर दिशा म्हटली आहे की होकायंत्राची, तेवढं पाहा. दोन्हींत जागेनुसार काही अंशांचा फरक असतो.

फोन उघड्या आभाळाखाली साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. उंच भिंती, कडे, दाट झाडी यांच्याजवळ संदेश आपटून येतो आणि बाण भरकटतो. लपवणाऱ्याच्या उपकरणातही तेवढीच चूक असू शकते. म्हणून अंतर दहा मीटरच्या आत आलं की फोन खिशात घाला आणि डोळ्यांनी शोधा. मी असतो तर कुठे लपवलं असतं? जिथे वाकावं लागतं, जिथे हात जातो पण नजर जात नाही, जिथे दगड जरा जास्तच नीट रचलेले दिसतात. फटीत किंवा ढोलीत हात घालण्याआधी आत उजेड टाका आणि काठीने चाचपा. जमीन खणू नका, भिंतीचे दगड उपटू नका, कुंपण ओलांडू नका. वाट कुंपणापलीकडे जाते असं वाटत असेल तर बहुतेक वेळा आकडा चुकलेला असतो.

येणारे-जाणारे असतील तर थांबा. बूट बांधा, पाणी प्या, ते गेले की शोधा. कुणी विचारलंच, पोलिसांनी तर नक्कीच, तर सरळ खरं सांगा आणि पान उघडून दाखवा.

अडकलात तर

जागेवर वीस मिनिटं झाली आणि हाती काही नाही, की शोधणं थांबवा आणि बसा. वही उघडा. शेवटच्या टप्प्यापासून मागे यायचं. आधी ॲपमध्ये टाकलेले आकडे वहीशी जुळतात का, मग गणित पुन्हा, मग फोटो आणि ‘काय दिसलं’ हा रकाना. दोन शक्यता लिहिलेल्या असतील, तर दुसरी घेऊन जागा काढा आणि ती कुठे पडते बघा. अनेकदा ती चाळीस पावलांवर असते. त्यानंतर सूचना उलगडा. तरीही जमलं नाही तर ‘सापडली नाही’ अशी नोंद करा, ती लपवू नका. कॅशच्या मालकाला, म्हणजे लपवणाऱ्याला, त्यावरूनच कळतं की टप्पा तपासायला हवा. मालकाला निरोप पाठवताना ‘सापडत नाही, सांगा’ असं न लिहिता तुमचे अंक आणि तुमचं गणित लिहा. बहुतेक मालक कोणता अंक चुकला ते आनंदाने सांगतात.

फायनल

डबी उघडण्याआधी ती कशी ठेवली होती, झाकण कुठल्या बाजूला होतं, वर कोणता दगड होता ते टिपा. नोंदवहीत तारीख आणि तुमचं खेळातलं नाव लिहा. नाव लिहिलं नाही तर शोध धरला जात नाही. अगदी बारीक डब्यांत नुसती सही आणि तारीख पुरते. आतली वस्तू घेतलीत तर तितक्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. खाण्याचं काही ठेवू नका, वास लागून जनावरं डबी फोडतात. क्रमांक कोरलेली चकती किंवा नाणं दिसलं तर ती कुणाची तरी प्रवासी वस्तू असते: पुढच्या कॅशमध्ये नेऊन ठेवता येणार असेल तरच घ्या आणि तशी नोंद करा. झाकणाच्या खाचेतली माती पुसा, नाहीतर ते घट्ट बसत नाही आणि पहिल्याच पावसात वही भिजते.

घरी आल्यावर नोंद लिहिताना कुठलाही आकडा, कुठल्याही टप्प्याची जागा उघड करू नका, फोटोतूनही नाही. तिसऱ्या टप्प्याची चकती गंजली आहे, दुसऱ्या अंकाचा रंग उडाला आहे, असं काही दिसलं असेल तर ते मात्र जरूर लिहा, अंक न सांगता. पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्याच फांदीखाली वही उघडून उभं असेल.